अक्काच्या नावाची कमान नको, अक्काची खोली ठेवा

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी, रीडेव्हलपमेंट कमिटीचे सगळे मेंबर, आणि कोपरखैरणेतल्या आमच्या सोसायटीचे सगळे सभासद आणि भाडेकरू यांना,

सप्रेम नमस्कार.

आमची अक्का, माझी आजी, गेली, आणि गेल्या मीटिंगमध्ये ठराव आला की नवीन बिल्डिंगच्या गेटवर तिच्या नावाची कमान करायची. ज्यांनी ठराव मांडला त्यांनी तो मनापासून मांडला, हे आम्हाला घरातल्या सगळ्यांना माहितेय, आणि त्यासाठी खरंच आभार. पण त्याच मीटिंगमध्ये भिंतीवर जो प्लॅन दाखवला त्यात तळमजल्यावर पार्किंग, चार दुकानं, मीटर रूम आणि वॉचमनची केबिन एवढंच होतं. आत्ता तळमजल्यावर आहे ती अक्काची खोली, जिथे संध्याकाळी पोरं अभ्यासाला बसतात, ती कुठेच नव्हती. माझ्या आईने विचारलं तर उत्तर मिळालं की वर पोडियमवर मल्टिपर्पज हॉल आहे ना, सभासदांसाठी, आधी बुकिंग करायचं, भाडं नंतर ठरवू. आई गप्प बसली. मी त्या दिवशी ऑफिसमध्ये अडकले होते म्हणून मीटिंगला नव्हते, त्यामुळे मला जे बोलायचंय ते इथे लिहितेय, जरा मोठं होईल, पण पूर्ण वाचा.

आम्हाला कमान नको. खोली पाहिजे.

गेल्या पाच-सात वर्षांत जे नवीन मेंबर आलेत त्यांना अक्का म्हणजे खाली खुर्ची टाकून बसणारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवलास का विचारणारी म्हातारी. व्हॉट्सअप ग्रुपवर जे श्रद्धांजलीचे मेसेज आले ते सगळे मी वाचले, बहुतेकांनी प्रेमळ आजी गेली, मायेची सावली गेली असं लिहिलंय, आणि प्रेमळ तर ती होतीच. पण अक्का आयुष्यभर काम करायची, घरचं आणि घराबाहेरचं, आणि घराबाहेरच्या कामाला जागा लागायची हे तिला जितकं कळलं होतं तितकं अजून कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही.

तिचं गाव पाटण तालुक्यातलं, कोयनेच्या खोऱ्यातलं. आधार कार्डावर जन्मसाल 1934 आहे, ते अंदाजानेच टाकलेलं, ती स्वतः सांगायची की धरणाचं काम सुरू झालं तेव्हा आमचे थोरले काका रांगत होते. आबा, म्हणजे माझे आजोबा, मुंबईत मशीद बंदरला हमाली करायचे आणि अक्का पोरं, शेत, सासू-सासरे घेऊन गावाला. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे, सव्वाचार वाजून गेल्यावर, कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली त्यात, आणि त्यात अक्काची दोन वर्षांची मुलगी होती, माझी आत्या. आबांना मुंबईत कळून ते गावाला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. अक्का यावर कधी बोलायची नाही. एकदाच माझ्या आईला म्हणाली होती की दुसऱ्या दिवशी वरच्या आळीतल्या बाया, ज्यांची स्वतःची घरं पडलेली, त्यांनी उघड्यावर तीन दगडांची चूल मांडून सगळ्या गावासाठी भात शिजवायला घेतला आणि त्यातल्या एकीने काही न बोलता हिच्या हातात भाताचा डाव दिला. "हातात डाव दिला म्हनून मी येडी झाले न्हाय," एवढंच. पुढचं आयुष्य तिने असं का काढलं त्याचं कारण मला तरी तिथेच सापडतं, तिने ते कधी असं जोडून सांगितलं नाही.

भूकंपानंतर आबांनी सगळ्यांना मुंबईला आणलं. काळाचौकीला एक खोली, मोरी आत, संडास बाहेर, आणि त्या खोलीत अक्काने खाणावळ सुरू केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा आपल्या सातारा-कोकणाकडचे गडी बायका-पोरं गावाला ठेवून मुंबईत एका खोलीत वीस वीस, तीस तीस राहायचे, पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची, आणि त्यांची दोन वेळची भाकरी अशा खाणावळवाल्या बायकाच घालायच्या, महिन्याच्या पगारावर हिशोब. भुश्याची शेगडी, सकाळी चारला उठणं, भाकरी, आमटी, एखादं कोरड्यास, रविवारी सुकट नाहीतर मटण. गिरणीतले होते, गोदीतले होते, आबांच्या टोळीतले माथाडी, म्हणजे हमाल, होते. अक्का तेव्हा शिकलेली नव्हती, हिशोब भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून ठेवायची, जेवायला येणाऱ्यातल्याच एका गिरणी कामगाराने तिला अक्षरं शिकवली, पाटीवर, पीठ मळता मळता, आणि नंतर ती वही ठेवायला लागली.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले दोन महिने सगळ्यांना वाटत होतं मिटेल, मग उधारी वाढत गेली, मग लोक गावाला निघून गेले. अक्काने एकालाही जेवायला नाही म्हटलं नाही, आबांचा पगार माथाडी बोर्डातून येत होता म्हणून जमलं असं ती सांगायची, आणि हे वाक्य महत्त्वाचं आहे, कारण आबांना तो पगार, तो फंड, ती रजा मिळत होती ती आण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र करून जो लढा दिला त्यातून 1969 चा माथाडी कायदा आला म्हणून. त्याआधी व्यापारी देईल तो पैसा आणि मुकादम कापेल ते कमिशन. आमच्या घरात जे काही उभं राहिलं ते कुणीतरी आधी सगळ्यांसाठी भांडलं म्हणून उभं राहिलं, हे अक्का पोरांना अगदी जेवताना सुद्धा ऐकवायची. संपातली उधारी बरीच बुडाली. काही जणांनी पुढे कित्येक वर्षांनी गावाहून तांदळाची पोती पाठवून फेडली.

कांदा-बटाटा मार्केट 1981 ला वाशीला आलं आणि मग एकेक बाजार इकडे येत गेला, तशी आपली माणसं पण खाडी ओलांडून इकडे आली. आम्ही पण. तेव्हाचं कोपरखैरणे ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल, वाशीपर्यंत ट्रेन सुद्धा 1992 ला आली आणि ठाणे-वाशी लोकल तर थेट 2004 ला, त्याआधी बसची वाट बघणे नाहीतर मार्केटच्या टेम्पोत बसून येणे. इथे आल्यावर अक्काने खाणावळ बंद केली, गुडघे गेले होते. पण चार महिने सुद्धा ती नुसती घरी बसली नाही. तळमजल्यावर पंपाच्या बाजूला एक रिकामी खोली होती, बारा बाय सोळाची, मोडकं सामान पडलेलं, ती तिने तेव्हाच्या कमिटीकडून मागून घेतली, बायकांना गोळा करून साफ केली, चुना मारला, आणि संध्याकाळी पोरांना तिथे अभ्यासाला बसवायला लागली. दहा बाय बाराच्या घरात पहाटे मार्केटला जाणारा बाप आठला झोपायचा, लाईट बंद करावी लागायची, पोरांनी कुठे वाचायचं? मी, माझा भाऊ आणि निम्मी बिल्डिंग त्या खोलीत दहावी झालो. आज कमिटीत बसलेल्यांपैकी पण काही जण झालेत, त्यांना माहितेय मी कुणाबद्दल बोलतेय.

आता पोलिओचं सांगते, कारण खोलीचा दरवाजा रस्त्याच्या बाजूला का पाहिजे ते त्याशिवाय कळणार नाही.

पल्स पोलिओ 1995 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर बूथसाठी जागा शोधत आल्या तेव्हा अक्काने खोली दिली आणि स्वतः पण बसली. वय तेव्हा साठीच्या वर. तिला जे शिकवलं ते तिने असं पक्कं धरलं की पुढे नवीन आलेल्या पोरींना तीच शिकवायची, की बाटलीवर एक गोल आहे आणि त्यात एक चौकोन आहे, चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली, चौकोन गोलासारखा काळपट झाला की ती बाटली वापरायची नाही, टाकून द्यायची. बॉक्सचं झाकण उगाच उघडं ठेवलेलं दिसलं तर ओरडायची. डोस दिला की पोराच्या डाव्या करंगळीला खूण. आणि बूथचा दिवस संपला की खरं काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं, घरोघरी, कुठलं पोर राहिलं ते बघायचं, सगळ्यांना डोस झाला तर दारावर खडूने पी, कुणी राहिलं असेल तर एक्स, आणि एक्स असलेल्या घरी परत जायचं, परत नाही भेटलं तर परत.

एक्स कुठे राहायचे माहितेय? आपल्या बिल्डिंगमध्ये नाही. आपली पोरं पहिल्याच दिवशी नटूनथटून यायची. एक्स राहायचे बांधकामाच्या साईटवर, जिथे गवंड्यांची बिगाऱ्यांची कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये असायची, आज इथे तर पुढच्या महिन्यात घणसोलीला, त्यांच्या पोरांची कुठल्याच यादीत नावं नसायची. अक्का त्या बायकांशी आधी पोलिओचं बोलायचीच नाही. शेडमध्ये शिरून चुलीवर काय शिजतंय ते विचारायची, भाषा येत नसली तरी, मग पोराला मांडीवर घ्यायची, आणि मग थेंब. त्या बायका नंतर आपल्या खोलीवर यायच्या, पोराला ताप आला म्हणून, नवरा मारतो म्हणून, मुकादमाने पैसे दिले नाहीत म्हणून. त्यांना गेटवर कुणी नाव विचारलं असतं, रजिस्टरमध्ये सही मागितली असती, तर त्या परत गेल्या असत्या. खोलीचा दरवाजा रस्त्यावर उघडत होता म्हणून त्या आत आल्या.

मीटिंगमध्ये सिक्युरिटीचा मुद्दा निघाला असं कळलं, बाहेरचे लोक नकोत. मी समजू शकते, लहान मुलं आहेत, एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. पण पोलिओचा विषाणू सोसायटीचं गेट बघून थांबत नव्हता, साईटवरचं एक पोर राहिलं तर आपल्या पोरालाही धोका होता, आणि म्हणून देशभर लाखो लोकांनी अशा प्रत्येक पोरापर्यंत जायचं ठरवलं आणि 13 जानेवारी 2011 नंतर या देशात पोलिओच्या मूळ (वाईल्ड) विषाणूचा एकही नवीन पेशंट सापडला नाही. 27 मार्च 2014 ला भारतासकट आपला दक्षिण-पूर्व आशियाचा विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला त्या रात्री टीव्हीवर बातमी बघताना अक्काने आईला सांगितलं होतं की उद्या गोड कर. ते यश आपल्या त्या बारा बाय सोळाच्या खोलीचं पण आहे. आणि बाहेरचे म्हणजे कोण हो? आपण सगळेच या शहरात बाहेरून आलोय, ज्यांची इथली भातशेती आणि मिठागरं गेली त्या बोनकोडे-खैरण्याच्या आगरी बायका पहिल्या वर्षी अक्काला पावसाळ्यात सुकी मासळी आणून द्यायच्या, त्यांनी तिला बाहेरची म्हटलं नाही.

बाकी त्या खोलीत काय काय झालं ते सगळं लिहीत बसले तर संपणार नाही. बचत गट झाला. 26 जुलै 2005 ला अडकलेली माणसं रात्रभर तिथे आणि जिन्यात बसलेली, अक्काने आणि तुमच्यातल्याच कित्येक जणींनी पिठलं-भात केला. पण एक काम असं होतं जे फार कुणाला दिसलं नाही आणि मला ते सगळ्यात मोठं वाटतं. टोळीतला माणूस गेला, की त्याची बायको दहाव्यानंतर अक्काकडे यायची. फंड, ग्रॅच्युइटी, वारसाचा दाखला, बँकेचं पासबुक, नावात एका कागदावर काना आणि दुसऱ्यावर वेलांटी, गावाकडचं नाव वेगळं आणि इथलं वेगळं, त्यात त्या बाईला सही येत नसायची आणि दीर कागद घेऊन बसलेला असायचा. अक्का तिला आधी सही शिकवायची. फॉर्म आम्ही पोरं भरायचो, पण सही त्या बाईने स्वतःची करायची हा नियम, अंगठा नाही. मग बोर्डाच्या ऑफिसला तिच्याबरोबर स्वतः जायची, संजय गांधी निराधारचा अर्ज असेल तर तिकडे पण. कुणाच्या घरात हे बोलणं झालंच नसतं, दीर-सासरा ऐकत बसलेले असताना कोण विचारणार की माझ्या नावावर किती आहेत? त्यासाठी घराबाहेरची, दार लावून घेता येईल अशी जागा लागते.

2020 चं पण लिहिते. मार्केटमध्ये कोरोना पसरला, मे महिन्यात आठवडाभर मार्केट बंद ठेवावं लागलं, आणि आपल्याच इथे काही जण म्हणायला लागले की मार्केटला जाणाऱ्यांनी बिल्डिंगमध्ये येऊ नये. माझे वडील तेव्हा टोळीत होते. शहराला भाजी-कांदा पोचवणारा माणूस आणि त्याला स्वतःच्या घरी यायला बंदी, हे फार लागलं होतं आम्हाला. कुणाची नावं घेत नाही, सगळे घाबरलेले होते. अक्का तेव्हा 86 वर्षांची, तिला खाली उतरू देत नव्हतो, तिने गॅलरीतून ओरडून खोली उघडायला लावली, मार्केटवरून येणारे तिथे अंघोळ करून कपडे बदलून वर जातील असं ठरवलं आणि भांडण तिथे मिटलं. ज्यांच्या घरी पॉझिटिव्ह निघाले त्यांच्या दाराबाहेर डबे जात होते, बोलणाऱ्यांच्या घरी सुद्धा.

आणखी एक, हे आईला आवडणार नाही पण लिहितेच. अक्काच्या सगळ्या कामामागे माझी आई होती. अक्का खाली बसलेली असायची तेव्हा वर स्वयंपाक, पाणी भरणं, सासऱ्याचं आजारपण, आल्यागेल्याचा चहा, ते सगळं आईने केलं, कधी कधी चिडून केलं, आणि अक्काला ते माहीत होतं. शेवटच्या आजारपणात ती आईचा हात धरून म्हणाली, "लोकं माझं नाव घेत्यात, राबली तू." म्हणून पण मला कमान पटत नाही. कमानीवर एकच नाव बसतं.

तर आता कमिटीकडे काय मागतेय ते स्पष्ट लिहिते. नवीन बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आत्ता आहे तेवढीच खोली, बारा बाय सोळा, म्हणजे 192 चौरस फूट, दरवाजा रस्त्याच्या बाजूला, आत एक टॉयलेट आणि पाण्याचा नळ. आपण 96 सभासद आहोत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे दोन चौरस फूट. आमच्या घराच्या कार्पेटमधून जास्तीचे कापायचे असतील तर कापा, वडिलांनी तसं लेखी द्यायची तयारी केलीये. चार दुकानांतलं एक थोडं लहान केलं तरी बसतं, डेव्हलपरशी बोलणी अजून चालू आहेत, आत्ताच मागितलं तर मिळेल, प्लॅन महापालिकेकडून पास झाल्यावर मागून काही होणार नाही. आणि हा निर्णय कमिटीने एकटीने घ्यायचा नाहीये. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालच्या 4 जुलै 2019 च्या आदेशाप्रमाणे रीडेव्हलपमेंटचे ठराव विशेष सर्वसाधारण सभेत होतात आणि एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची संमती लागते, तर माझी विनंती आहे की खोलीचा विषय अजेंड्यावर स्वतंत्र घ्या, आयत्या वेळच्या विषयांत ढकलू नका.

खोलीला भाडं नको. चावी कमिटीकडे एक आणि बचत गटाच्या बायकांकडे एक, आत्ता आहे तसंच. नाव काहीही द्या, नाही दिलं तरी चालेल.

आणि सगळ्यात तातडीचं म्हणजे बिल्डिंग पाडल्यापासून नवीन होईपर्यंतची वर्षं. आपल्याला सगळ्यांना घरभाडं मिळणार, पण संध्याकाळी अभ्यासाला बसणारी जी सव्वीस-सत्तावीस पोरं आहेत, त्यातली आठ यंदा दहावीला, ती कुठे बसणार? करारात घरभाड्याबरोबर एका छोट्या गाळ्याचं भाडं पण घालून घ्या, इथून चालत जाता येईल एवढ्यावर. पोरं एकदा पांगली की परत गोळा होत नाहीत. वही-रजिस्टर, दोन कपाटं, फळा आणि बाकं आम्ही आमच्या खर्चाने हलवू.

या मागणीचा अर्ज तयार आहे, उद्यापासून संध्याकाळी सात ते नऊ खोलीतच ठेवलेला असेल, ज्यांना पटतंय त्यांनी येऊन सही करा, भाडेकरूंनी पण करा, तुमची सही मतदानात धरली जाणार नाही पण कमिटीला दिसेल. ज्यांना पटत नाही त्यांनी पण या, समोर बसून बोलू. मी आणि आई दोघी असू.

आपली,
अक्काची नात